अंगाला बसेपर्यंत

लिफ्टमिस्त्रीने जन्मात कधी जीन्स घातली नव्हती. खाकी पँट, खिशात टेस्टर, खांद्याला पान्यांची पिशवी, एवढाच त्याचा थाट. त्यामुळे एका सकाळी तो गडद निळी, पुठ्ठ्यासारखी ताठ जीन्स घालून, गुडघे न वाकवता बदकासारखा चालत कामावर आला, तेव्हा त्याच्या जोडीदाराने हातातला चहा खाली ठेवला.

"काय मिस्त्री, दुसरं लग्न ठरलं की काय?"

मिस्त्री हसला नाही. "पोराची आहे," एवढंच म्हणाला.

जोडीदाराने जीभ चावली. पोराचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

पोराला घरीदारी सगळे कात्र्या म्हणत. जीन्सच्या एका छोट्या कारखान्यात तो कापड बेतायचा, आणि हातात कात्री नसली तर त्याला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. गेल्या वर्षी मालकाने एका ताग्याचं उरलेलं टोक त्याला दिलं. जुन्या, अरुंद मागावर विणलेलं जाड कापड. त्याचे दोन्ही काठ मागावरच पक्के झालेले, धागा सुटायचं नाव नाही, आणि काठात तांबडा दोरा. कात्र्याने ते घरी आणून आईला असं दाखवलं होतं, जसं कुणी तान्हं मूल दाखवतं. सुट्टीच्या दिवशी कारखान्यात जाऊन त्याने स्वतःच्या मापाची जीन्स बेतली आणि स्वतःच शिवली. कोरी. पाण्याचा थेंब न लागलेली. जमिनीवर ठेवली तर आत माणूस नसताना उभी राहील अशी.

"ही धुवायची नसते," तो सांगायचा. "घालायची, घालायची आणि घालायची. आधी ती आपल्याला छळते. मग हळूहळू आपण जसे बसतो, जसे चालतो, तशा तिच्यावर खुणा उठतात. वर्षभराने खुंटीवर दिसली तरी लोक ओळखतात कुणाची ते."

"वर्षभर धुतली नाहीस तर लोक लांबूनच ओळखतील," आई म्हणाली होती. "वासावरून."

त्याला ती नीट घालायला मिळालीच नाही. शिवून झाल्यावर थोड्याच दिवसांनी कारखान्याच्या लोखंडी जिन्यावरून कापडाचा तागा खांद्यावर घेऊन उतरताना त्याचा पाय सरकला. तो खाली पडला आणि तागा त्याच्या पाठीवर. कामाच्या जुन्या पँटमध्ये होता तो. दवाखान्यात ती पँट कापून काढली. कण्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मिस्त्रीला बाजूला घेऊन सांगितलं, की कमरेखालची संवेदना आता परत येईल असं वाटत नाही. मिस्त्री म्हणाला, "बरं." तारा तुटल्यात म्हणे, तो बायकोला सांगायला गेला आणि तिथेच त्याचा आवाज गेला. जन्मभर त्याने तुटलेल्या ताराच जोडल्या होत्या.

घरी आणल्यावर कात्र्याची खाट बाहेरच्या खोलीत, खिडकीशी लावली. आई त्याला ठरावीक वेळाने कुशीवर वळवायची, लघवीची पिशवी रिकामी करायची, अंग पुसायची. तो कुणाकडे बघायचा नाही. "हो" आणि "नको" एवढंच बोलणं उरलं होतं. मग "हो"ही गेलं. घास तोंडाशी नेला की तो ओठ मिटून भिंतीकडे वळायचा. एकदा त्याने आईला अगदी सहज विचारलं, "झोपेच्या गोळ्या कुठे ठेवतेस गं?" तिने मिस्त्रीला सांगितलं, आणि त्या दिवसापासून ती बाटली पान्यांच्या पिशवीत मिस्त्रीबरोबर कामावर जाऊ लागली.

अशात एका दुपारी आईने आवराआवर काढली. खुंटीवरची जीन्स तिने खाली घेतली आणि पेटीत ठेवायला म्हणून पाय जुळवून दुमडली.

"घडी घालू नकोस!"

ती दचकली. मिस्त्री स्वयंपाकघरातून धावत आला. कात्र्या कोपरावर उठायचा प्रयत्न करत होता.

"कोरी आहे ती. घडी बसली की तिथे रेघ उठते, कायमची. चालून पडलेली नाही, पेटीत पडलेली. तशीच टांग."

किती दिवसांत पहिल्यांदा तो एका दमात एवढं बोलला होता. आईने जीन्स परत टांगली आणि तोंडाला पदर लावून आत गेली. मिस्त्री तिथेच उभा राहिला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मिस्त्रीला काडीसुद्धा कोरी आणि निळी मिळाली.

"मग आता तिचं काय करायचं?" त्याने विचारलं.

"काय करणार? चालायला लागतं त्यासाठी. पाय लागतात."

"मी चालतो."

कात्र्याने बापाकडे पाहिलं. नजरेत चीड होती, पण निदान नजर तरी होती. "चाला," तो म्हणाला. "जमत असेल तर चाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री जमिनीवर आडवा पडला, श्वास रोखून पोट आत घेतलं, आणि बायकोने दोन्ही हातांनी ती जीन्स ओढून वर आणली. पोरगा बापापेक्षा उंच, म्हणून पाय खाली चांगले वीतभर दुमडावे लागले. कमरेचं बटण काही लागेना. शेवटी काजात सुतळी ओवून गाठ मारली.

"अहो, या वयात हे काय सोंग," ती म्हणाली.

"गप्प बस. तो बघतोय."

आणि खरंच तो बघत होता.

त्या जीन्सने मिस्त्रीला सळो की पळो करून सोडलं. मांड्यांच्या आतली कातडी सोलली, गुडघ्यांच्या मागे जाड वळी रुतून लाल रेघा उठल्या. संध्याकाळी जीन्स उतरवली की पाय निळे दिसायचे, खुर्चीचं कापड निळं, बनियन निळा. गच्चीवरच्या मोटाररूममध्ये जायचं असो की लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरायचं असो, तो त्या ताठ कापडात कण्हतच वाकायचा. बटण लागावं म्हणून त्याने संध्याकाळचं जेवण अर्ध्यावर आणलं. ग्रीस लागू नये म्हणून मांडीवर फडका बांधला. आणि जास्त चालणं व्हावं म्हणून चढउतार जिन्याने सुरू केली.

"मिस्त्री, लिफ्ट दुरुस्त करणारेच जिन्याने जायला लागले तर लोकांचा विश्वास उडेल ना आपल्यावर," जोडीदार म्हणायचा. पण पिशवी तो स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा.

घरी आल्यावर मिस्त्री हातपाय न धुता आधी खाटेसमोर उभा राहायचा. कात्र्या त्याला दिव्याखाली बोलवायचा.

"वळा. उकिडवे बसा. आता उठा. खिशात काय ठेवलंय?"

"टेस्टर."

"काढा. त्याचा ठसा उठेल." मग थोडं थांबून, "नाही, असू दे. उठू दे."

तो बोलत असताना आई हळूच त्याच्या तोंडात घास सारायची. बोलण्याच्या भरात तो गिळायचा. मांडीवर उठणाऱ्या आडव्या रेघा, गुडघ्यामागची जाळी, काठाच्या शिवणीवर पडलेला दोरीसारखा पीळ, प्रत्येक गोष्टीबद्दल त्याला काही ना काही सांगायचं असायचं. मिस्त्री सगळं ऐकायचा, बरंचसं त्याला कळायचं नाही, आणि बायको रिकामी ताटली आत नेताना त्याच्याकडे एक नजर टाकायची. त्या नजरेसाठी तो आणखी दहा जिने चढला असता.

पण मिस्त्रीच्या मनात एक खूळ शिरलं होतं. ते त्याने कुणाला सांगितलं नाही. त्याला वाटायला लागलं होतं, की जीन्स मऊ झाली, पूर्ण अंगाला बसली, की पोराच्या पायांतही काहीतरी होईल. हे शुद्ध वेडेपण आहे हे त्याला कळत होतं. तरी जिना चढताना तो प्रत्येक पायरीला एकच गोष्ट मागायचा, आणि कधी पायरी चुकली तर खाली जाऊन पुन्हा वर यायचा.

कात्र्याला व्यायाम द्यायला एक बाई यायच्या. तरुण, धारदार बोलणाऱ्या, हाताने मात्र मऊ. एकदा कात्र्या त्यांना म्हणाला, "ती मऊ झाली की मी घालणार आहे." बाईंनी मिस्त्रीच्या अंगावरच्या जीन्सकडे पाहिलं. जाताना त्यांनी त्याला दाराबाहेर बोलावलं.

"जीन्स अजिबात घालायची नाही त्याने."

"मऊ झालीय हो आता. हात लावून बघा."

"मऊ होऊ दे नाहीतर लोण्याची होऊ दे. मागचे खिसे आहेत, जाड शिवणी आहेत, खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याच्या रिव्हेट आहेत. तुम्हाला काही टोचलं तर तुम्ही सरकून बसता. त्याला टोचलेलं कळणारच नाही. तो तसाच बसून राहील आणि खालची कातडी मरेल. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय," मिस्त्री म्हणाला.

तो आत आला. कात्र्याने विचारलं, "काय म्हणत होत्या?"

"काही नाही. खाणं वाढवा म्हणाल्या."

सांगून काय करणार होता तो? ती जीन्स काढून घेतली तर या घरात बोलायला उरत काय होतं? भिंत उरत होती आणि मिटलेले ओठ. मिस्त्रीने मनाची समजूत घातली, की अजून वेळ आहे, कापड अजून तयार झालेलं नाही. त्यानंतर मात्र त्याची चाल बदलली. आधी तो जीन्स लवकर मुरावी म्हणून चालायचा, आता ती मुरू नये असं त्याला वाटू लागलं. तो पुन्हा लिफ्टने जायला लागला. पण कापडाला कोण अडवणार? ते मऊ होतच राहिलं.

एका सकाळी कात्र्या म्हणाला, "आज मी घालतो. कारखान्यात जाऊन येऊ. पोरं कधीची बोलावतायत."

आईच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, की मिस्त्रीला दुसरीकडे बघावं लागलं. पडल्यापासून पोराने घराबाहेर जायचं नाव काढलं नव्हतं. "पायजमा घालून जाऊ या का?" मिस्त्रीने कसंबसं विचारलं.

"इतके दिवस कशासाठी घातलीत मग?"

मिस्त्रीने आणि बायकोने मिळून त्याला जीन्स चढवली. मांड्या इतक्या वाळल्या होत्या, की एकेकाळी नेमक्या मापाने बेतलेलं कापड हवेने भरल्यासारखं सैल लोंबत होतं. बटण एका बोटाने लागलं. कात्र्याने व्हीलचेअरवर बसून खाली पाहिलं. मग मांडीवर हात ठेवला. कापड जिथे पांढुरकं झालं होतं, ती जागा त्याच्या गुडघ्याच्या चार बोटं वर होती.

"हे गुडघे तुमचे आहेत, बाबा," तो म्हणाला.

"चुकलंच. मी बुटका ना."

"चुकलं नाही. मी फक्त सांगितलं."

कारखान्यात त्याचं जंगी स्वागत झालं. पोरांनी खुर्चीसकट उचलून त्याला वर नेलं, त्याच लोखंडी जिन्याने. मालकाने वाकून जीन्सचा पाय उलटून काठातला तांबडा दोरा पाहिला. कुणीतरी त्याच्या हातात खडू दिला, कुणी टेबलावर कापड अंथरलं, आणि कात्र्याने बसल्या बसल्या एक माप आखलं. मग दुसरं. कुणी विनोद केला आणि तो हसला, दात दिसेपर्यंत. मिस्त्री भिंतीला टेकून उभा होता. थोड्या थोड्या वेळाने तो पुढे व्हायचा.

"जरा कलतं करू का तुला? थोडं उचलून धरू?"

"राहू द्या ना, बाबा."

"घरी जाऊ या का?"

"थोडं थांबा."

त्याने थांबायला नको होतं. त्याला माहीत होतं. खुर्चीच्या मागे उभं राहून तो त्या पोराची हसणारी मान बघत राहिला, आणि प्रत्येक वेळी आणखी थोडं थांबला. संध्याकाळचे दिवे लागले तेव्हा ते निघाले.

घरी येऊन आईने जीन्स उतरवली. कापडाच्या आतल्या बाजूला ओला डाग होता. बसायच्या हाडावर, खिशाच्या शिवणीच्या जागी, कातडी फाटून मांस दिसत होतं. बाजूला रिव्हेटचा गोल ठसा, नाण्याएवढा, काळानिळा.

"दुखतंय का रे राजा?" ती म्हणाली. तिला दुसरं काय सुचणार?

कात्र्याने मान वळवून विचारलं, "कुठे?"

त्यानंतर सगळं घाईघाईने झालं. ताप आला, चढत गेला, तो बरळायला लागला. दवाखान्यात जखम उघडली तेव्हा ती वर दिसत होती त्यापेक्षा आत कितीतरी खोल निघाली. मेलेला भाग कापून काढावा लागला. रक्तात विष पसरतंय, असं डॉक्टर म्हणाले, आणि मग मिस्त्रीकडे बघून म्हणाले, "जीन्स कुणी घातली त्याला? काही अक्कल?" मिस्त्री मान खाली घालून उभा राहिला. त्याला वाटत होतं, आणखी बोलावं यांनी, मारावं. पण ते पुढच्या पेशंटकडे गेले.

तो वॉर्डबाहेरच्या बाकावर बसून राहिला. बायकोने आणलेला डबा तसाच परत जायचा. अंगाला पोराच्या जीन्सचा निळा रंग अजून होता, नखांच्या कडेला, गुडघ्यांच्या घड्यांत, आणि तो घासून जात नव्हता. या हातांनी आपण त्याला ती घातली, असं मनात आलं की तो हात मांडीखाली दाबून धरायचा.

ताप उतरला त्या दिवशी त्याला आत सोडलं. कात्र्याला पालथं झोपवलं होतं. जखम भरेपर्यंत असंच राहायचं होतं. चेहरा उशीत अर्धा बुडालेला, एक डोळा उघडा. मिस्त्रीने स्टूल जवळ ओढलं. बोलायचं ते त्याने किती वेळा मनात घोकलं होतं, तरी आता ते तुटत तुटत बाहेर आलं.

"मला सांगितलं होतं व्यायामाच्या बाईंनी. घालू नका म्हणून. मला ठाऊक होतं. मी बोललो नाही."

कात्र्या उशीतूनच म्हणाला, "मलाही सांगितलं होतं. तुमच्या आधी, तुम्ही कामावर असताना."

मिस्त्री बघतच राहिला. "अरे, मग का?"

"तुम्ही इतके चाललात. जिने चढलात. मांड्या सोलून घेतल्यात. नको म्हणू कसा?" त्याने उशी हनुवटीखाली ओढली. "आणि मला वाटलं, एक दिवस बसावं माणसासारखं. मग काय व्हायचं ते होऊ दे."

"मेला असतास तू."

"तेच सांगतोय. इतके दिवस वाटायचं, येऊ दे एकदाचं. आणि ताप चढला, सगळे धावायला लागले, तेव्हा मी इतका घाबरलो, बाबा. नर्सचा हात सोडत नव्हतो म्हणे. मला जायचं नव्हतं." त्याचा उघडा डोळा भरून नाकाच्या बाजूने वाहायला लागला. "आता काय करू मी? जगायचंय, आणि हे असं."

मिस्त्रीने पोराचं नाक पुसलं. आनंद करावा की ऊर बडवावा, हेच त्याला कळेना.

तेवढ्यात आई डबा घेऊन आली. दोघांची तोंडं बघून ती काही विचारायला गेली आणि थांबली. मग डबा ठेवता ठेवता, कुणाकडे न बघता म्हणाली, "ती धुतली मी."

"काय?"

"ती जीन्स. उकळत्या पाण्यात, सोडा टाकून. धोपटली चांगली. निळं पाणी निघतंय, निघतंय, संपतच नव्हतं. हात भरून आले माझे, पण सोडली नाही." तिचा आवाज चिरकला. "काय म्हणायचं ते म्हणा मला."

उशीतून आवाज आला.

"उलटी करून धुतलीस का?"

"म्हणजे?"

"आतली बाजू बाहेर करून. रंग राहतो त्याने."

"मेल्या, तुझ्या जिवाची पडली होती मला! मी उलटी सुलटी बघत बसू?"

कात्र्याची पाठ हलायला लागली. आई घाबरून नर्सला हाक मारायला निघाली. मिस्त्रीने तिला हाताने थांबवलं. पोरगा हसत होता, की रडत होता, की दोन्ही, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. टाके ओढले जातायत, गप्प झोप, म्हणून नर्स येऊन सगळ्यांनाच रागावून गेली.

जखम भरायला फार दिवस गेले. मध्ये एकदा पुन्हा चिघळली, पुन्हा उघडावी लागली, आणि तेव्हा कात्र्या परत भिंतीकडे तोंड करून राहिला. घरी आल्यावरही वाईट दिवस येतच होते, काही तर फार वाईट. कारखान्याचा मालक बेतायचं काम घरी पाठवीन म्हणाला होता. कधी पाठवायचा, कधी विसरायचा. कात्र्या बरा झाला असं कुणी म्हणत नव्हतं.

सकाळी कामावर जाण्याआधी त्याला कुशीवर वळवून सगळी कातडी तपासायचं काम आता मिस्त्रीने स्वतःकडे घेतलं. कुठे लाल दिसतंय का, कुठे गरम लागतंय का, हे हाताने बघावं लागतं. मिस्त्रीचे हात नुकतेच धुतलेले, बर्फासारखे असत.

"हात केवढे गार आहेत, बाबा!" कात्र्या ओरडायचा.

हे तो फक्त पाठीपर्यंत ओरडायचा. कमरेखाली हात गेला की गप्प. म्हणून मिस्त्री रोज मुद्दाम आधी पाठीवर हात ठेवायचा, चांगला पसरून, आणि तो ओरडेपर्यंत उचलायचा नाही.